नळीच्या तोंडाशी केळ

आमच्या घरमालकीणबाईंचे थोरले बंधू सृष्टीच्या निर्मितीच्या वेळी हजर असते, तर मद्रास शहराला थोडासा ढाळ नक्की मिळाला असता. ब्रह्मदेवाच्या कामात इतर फारशा चुका त्यांना दिसत नसत. मुंग्या त्यांना पसंत होत्या, नारळाच्या झाडाबद्दल तर आदरच होता. पण एवढं मोठं शहर समुद्राच्या काठाशी आणून ठेवायचं आणि त्याला समुद्राकडे इंचभरही उतार द्यायचा नाही, हा निष्काळजीपणा त्यांनी ब्रह्मदेवाला कधीच माफ केला नाही. पावसाळ्यात नुंगंबाक्कमच्या आमच्या गल्लीत घोट्याइतकं पाणी साचलं की ते धोतर गुडघ्यापर्यंत खोचून दारात उभे राहत आणि आकाशाकडे नव्हे, जमिनीकडे बोट दाखवून म्हणत, "एक बोट ढाळ दिला असता तर त्याचें काय जात होतें, सांग मज!" ज्याच्याबद्दल हे चाललं होतं तो ऐकत असेल तर ओशाळला असेल, अशी त्यांची नजर असे.

मी त्यांच्या बहिणीच्या घरात मागच्या बाजूची एक खोली भाड्याने घेऊन राहत होतो. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. साताऱ्याहून डिप्लोमा घेऊन मी मद्रासला आलो होतो, इमारती थंड करण्याची यंत्रं बसवणाऱ्या एका कंपनीत साइट इंजिनियर म्हणून. वर्षभर उमेदवारी, काम पसंत पडलं तर कायम. घरमालकीणबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांची मुलं बंधूंना मामा म्हणायची, म्हणून मीही मामा म्हणू लागलो. राहायला आल्याच्या दुसऱ्या दिवशी कंपनीत गेलो तर तिथल्या पत्र्याच्या आणि नळांच्या कामाचे मेस्त्री म्हणून हेच मामा समोर उभे. मी "मामा!" म्हणून पुढे झालो, तसे ते करड्या आवाजात म्हणाले, "फाटकाच्या आंत मेस्त्री. फाटकाच्या भायेर मामा." हा नियम त्यांनी शेवटपर्यंत पाळला. संध्याकाळी सहाला आम्ही दोघे एकत्र बाहेर पडायचो आणि फाटक ओलांडताक्षणी ते खांद्यावर हात टाकून, धाकट्या भावाला हाक मारावी तसं, विचारायचे, "काय रे तंबी, काफी घेतलीस कां?" पाव मिनिटापूर्वी याच माणसाने मला सगळ्या फिटरांदेखत "डोळे घरी विसरून आलास?" असं विचारलेलं असायचं.

त्यांचं घराणं तंजावरचं. माझ्या मराठीकडे ते थोड्या दयेनेच बघत. "झालं" या शब्दाला ते "जालं" म्हणत आणि मी "झालं" म्हटलं की कान दुखल्यासारखा चेहरा करत. एकदा मी न राहवून म्हणालो, "मामा, मराठी आमच्याकडची." ते शांतपणे म्हणाले, "तुमची मराठी रेलगाडींत बसून आली, तंबी. आमची घोड्यावर बसून आली." मी मुळातच कमी बोलणारा. लोक त्याला सभ्यपणा समजतात. तो सभ्यपणा नव्हे हे पुढे कळेल.

मामांच्या खिशात कायम एक काचेची गोटी असे. कोणत्याही घरात पाऊल टाकलं की आधी ती गोटी जमिनीवर सोडायची, ती कुठे जाते ते बघायचं, आणि मगच यजमानांची विचारपूस. अक्कांच्या मोठ्या मुलीसाठी एक स्थळ आलं होतं. मुलगा सरकारी नोकरीत, दिसायला बरा, खाऊनपिऊन सुखी घर. मामा बघायला गेले, गोटी सोडली, तेवढ्याने समाधान झालं नाही म्हणून हात धुण्याच्या निमित्ताने न्हाणीत गेले आणि तांब्याभर पाणी ओतून उकिडवे बसून राहिले. बाहेर बैठकीत मंडळी ताटकळली. दहा मिनिटांनी मामा आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "न्हाणींत पाणी उभें राहतें. तीस वरुषें उभें राहतें आणि कोणास त्याचें कांहीं वाटत नाही. ह्या घरांत पोरगी द्यावयाची नाही." अक्का रडल्या, भांडल्या, दोन दिवस भावाशी बोलल्या नाहीत. शेवटी मुलगी दुसऱ्या घरी पडली. तिथली गोटी म्हणे एका दमात मोरीपर्यंत गेली होती. मुलगी सुखात आहे, हे मला सांगितलंच पाहिजे, नाहीतर तुम्ही मामांना विक्षिप्त समजाल.

लग्नाच्या पंगतीत बसले तरी तेच. मद्रासकडे केळीच्या पानावर रसम वाढतात, आणि रसम म्हणजे जवळजवळ पाणीच. नवखा माणूस ते पानावर अडवता अडवता घायकुतीला येतो. मी पहिल्या पंगतीत रसमने मांडी भाजून घेतली तेव्हा शेजारी बसलेल्या मामांनी माझ्याकडे बघितलंही नाही. वाकून आपल्या पानाखाली मांडीकडच्या कडेला एक सुपारी सरकवलेली दाखवली फक्त. त्यांच्या पानावर रसम भाताच्या आळ्यात शहाण्यासारखं बसून होतं. पुढे आचाऱ्याला बोलावून त्यांनी सगळ्या पंगतीला सुपाऱ्या वाटण्याचा आग्रह धरला, त्यावरून वधूपित्याशी जे झालं ते इथे सांगत नाही. त्यांची खाटसुद्धा उताराची होती. उशाच्या पायांखाली दोन-दोन विटा. "निजलेल्या माणसाचें डोकें निचरून जावें," असं ते म्हणत.

यंत्राविषयी त्यांची कल्पना कंपनीच्या पुस्तकांपेक्षा सोपी होती आणि माझी खात्री आहे की जास्त बरोबर होती. थंडी नावाची वस्तू जगात नाहीच, असं ते सांगत. यंत्र थंडी करत नाही, खोलीतलं ऊन उपसून बाहेर टाकतं, विहिरीतून पाणी उपसतात तसं. म्हणून ते त्याला नेहमी "उन्हाचा पंप" म्हणत. पण पंपाचं कौतुक त्यांना बेताचंच. खरी गोम पाण्यात. "मद्रासची हवा म्हणजे पिळावयाचें राहिलेलें धोतर. पंप तें पिळतो. पिळलेलें पाणी कोठें जातें हें जो पाहत नाही, त्यानें पंप बसवूं नये." यंत्राच्या पोटाखाली पत्र्याचं ताट असतं. त्यात हे पाणी ठिबकतं आणि नळीने बाहेर जातं. त्या नळीचा ढाळ बसवण्यात मामा दोन-दोन दिवस घालवत. पातळी बघायच्या काचनळीतला बुडबुडा केसभर इकडे असला तरी सगळं उतरवून पुन्हा. नळीला एके ठिकाणी ते मुद्दाम वाक देत, खाली जाऊन पुन्हा वर येणारा, त्यात थोडं पाणी कायम साचून राहील असा. माझ्या मते तो फुकटचा खटाटोप होता. "हा पाण्याचा उंबरठा," ते म्हणाले. "पंखा आंतून वारा ओढतो, तो नळींतूनही ओढतो. उंबरठा नसला तर वारा आंत शिरतो आणि पाण्यास भायेर पडूं देत नाही." मी वहीत लिहून घेतलं नाही. कशाला घ्यायचं, डिप्लोमा मी केला होता.

थंड वारा नेणाऱ्या पत्र्याच्या डक्टमध्येही काटकोन दिसला की त्यांचं डोकं फिरे. "वारा काय शिपाई आहे, कोपऱ्यावर टाच मारून वळावयास?" डक्ट पुरा झाला की ते उदबत्ती पेटवून प्रत्येक सांध्यावरून फिरवत. धूर आत ओढला गेला किंवा बाहेर ढकलला गेला की तिथे फट आहे. पण बघणाऱ्याला वाटे पूजा चालली आहे. एका कापडवाल्याच्या वृद्ध आईने तर डक्टला साष्टांग नमस्कार घातला. मामांनी तिला अडवलं नाही. ती उठेपर्यंत थांबले, तिच्या हातात उदबत्ती दिली आणि उरलेले चार सांधे तिच्याकडून तपासून घेतले.

आणि सगळ्या कामाच्या शेवटी, जिथे नळीचं तोंड भिंतीबाहेर निघे तिथे, ते केळीचा एक कोंब लावत. पाणी वाया जाऊ नये हे एक. दुसरं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. "मी मेल्यावरही झाड उभें असेल तर समजावें, ढाळ बरोबर होता." त्या काळात मद्रासमध्ये एखाद्या बँकेच्या, सिनेमागृहाच्या, जवाहिऱ्याच्या पेढीच्या मागच्या भिंतीशी एकटीच केळ माजलेली दिसली की मी समजायचो, आत मामांचा पंप चालू आहे.

इथपर्यंतचं मी अनेकांना सांगितलं आहे. गप्पांत, जेवणांवर, हसत हसत. लोकही हसतात. पुढचं मी आजवर एका माणसाला अर्धं आणि दुसऱ्याला पुरतं सांगितलं, बाकी कोणाला नाही. आता माझी पंचेचाळिशी उलटली आहे, आणि मामांची गंमत सांगून हशा घ्यायचा आणि तिथेच थांबायचं, हे मला अलीकडे जमेनासं झालं आहे.

माझ्या उमेदवारीचे दोन महिने उरले असताना कंपनीने एका संगीतसभेचं नवं सभागृह थंड करण्याचं काम पुरं केलं. यंत्र रंगमंचावरच्या माळ्यावर होतं. मागच्या बाजूला शेजाऱ्याची विहीर, म्हणून नळी पुढे आणावी लागली, आणि तिचं तोंड मुख्य दाराच्या पायऱ्यांशी निघालं. सभेचे चिटणीस कुरकुरले, पण मामांनी "दाराशी केळ म्हणजे शुभच की!" म्हणून त्यांना गप्प केलं. लग्नाकार्यात दाराला केळीचे खांब बांधणाऱ्या माणसाला यावर काय बोलता येणार?

या सभेवर मामांचं पुढचं सगळं अवलंबून होतं. शहरातल्या एका इस्पितळाची शस्त्रक्रियेची खोली थंड करायचं काम कंपनीला मिळणार होतं, आणि सभेचं काम चोख झालं तर ते संपूर्ण मामांच्या हाताखाली द्यायचं साहेबांनी कबूल केलं होतं. मेस्त्रीच्या हातात सबंध काम, असं कंपनीत पूर्वी झालं नव्हतं. मामा त्या दिवसांत बोलता बोलता थांबत आणि बोटाने हवेत नळीची रेघ काढत. मला वाटलं, मान मिळणार म्हणून खूष आहेत.

उद्घाटनाच्या सकाळी चिटणीसांच्या घरच्या बायकांनी दारात तांदळाच्या पिठाचं कोलम घातलं. आपण रांगोळी म्हणतो तेच, पण काय ते कोलम! पायऱ्यांपासून रस्त्यापर्यंत, ठिपक्याभोवती ठिपके, रेघेत रेघ गुंतलेली. चार जणी पहाटेपासून वाकल्या होत्या. मामा माळ्यावर जाण्यापूर्वी तिथे थांबले आणि चिटणीसांच्या बायकोला म्हणाले, "अम्मा, नळीच्या तोंडाशी हातभर जागा सोडावी. पाणीही पाहुणाच आहे." बाईंनी मान डोलावली आणि जागा सोडली नाही. नऊच्या सुमाराला यंत्र चालू झालं आणि नळीतून थेंब पडू लागले. कोलमचा एक कोपरा विरघळायला लागला. बाईंचा चेहरा रडवेला झाला. चिटणीस माझ्याकडे वळून म्हणाले, "इंजिनियर सार, काहीतरी करा. पाहुणे येईपर्यंत तरी!"

मला 'इंजिनियर सार' म्हणणारी ती पहिलीच माणसं. मी खिशातून रुमाल काढला, पिळून बोळा केला आणि नळीच्या तोंडात कोंबला. कोपऱ्यात माझ्या नावाचं अक्षर निळ्या दोऱ्याने भरलेलं होतं, धाकट्या बहिणीने निघताना दिलेला रुमाल. पाहुणे आत गेले की काढू, असं मी स्वतःला म्हणालो. बाईंनी पिठाच्या चिमटीने कोपरा पुन्हा भरला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी देऊळ वाचवलं.

पाहुणे आले. माझ्या कपाळाला चंदन लावलं, अंगावर गुलाबपाणी शिंपडलं, दुसऱ्या रांगेत बसवलं. प्रमुख पाहुण्यांना माझी ओळख करून दिली आणि त्यांनी माझं नाव दोनदा विचारून घेतलं. मी रुमाल विसरलो. आठवून न काढण्यापेक्षा विसरणं बरं, असं म्हणायची सोय आहे, पण मधे एकदा घाम पुसायला हात खिशात गेला होता आणि तेव्हा मला आठवलं होतं. भाषण चालू होतं, दुसऱ्या रांगेतून उठणं वाईट दिसलं असतं. मी बसून राहिलो. हे वाक्य लिहायला मला वीसहून जास्त वर्षं लागली.

सभागृह खच्चून भरलेलं, बाहेर मे महिना. पंप एवढ्या माणसांचं ऊन उपसत होता आणि धोतर पिळत होता. प्रमुख पाहुणे नेमके शीतल वाऱ्याचे गोडवे गात असताना वरच्या जाळीतून पहिली धार त्यांच्या रेशमी उपरण्यावर आली. दुसरी मृदंगमवर. मृदंगम वाजवणारे बुवा वाद्य पोटाशी धरून असे पळाले की जणू घराला आग लागली आहे. कोणीतरी घटम, म्हणजे वाजवायचं मातीचं मडकं, धारेखाली ठेवायला गेलं. घटम वाजवणाऱ्याने ते त्याच्या हातातून हिसकावलं आणि तमिळमध्ये जे म्हटलं ते त्या पवित्र वास्तूत पूर्वी म्हटलं गेलं नसावं. मंच रिकामा झाला आणि मग छताचं प्लॅस्टरचं नक्षीदार कमळ फुगलं, सुटलं आणि पाहुण्यांच्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसलं. कोणाला लागलं नाही. आज मी त्यावर हसू शकतो ते तेवढ्यामुळेच.

मी दाराकडे धावलो तर मामा माझ्या आधी पोचले होते. पायरीवर वाकलेले. त्यांनी नळीतून बोळा ओढला, त्यामागून बदाबदा पाणी आलं आणि सगळं कोलम वाहून गेलं. त्यांनी रुमाल पिळला, कोपऱ्यातलं निळं अक्षर बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि रुमाल खिशात घातला. मागून साहेब आणि चिटणीस आलेच. साहेब ओरडले, "मेस्त्री, हे काय झालं?"

मामा क्षणभर थांबले. मी तोंड उघडलं असतं तर तो क्षण पुरेसा होता.

"ढाळ चुकला सार," मामा म्हणाले. "माझा चुकला."

ज्या माणसाने ब्रह्मदेवाला ढाळासाठी माफ केलं नव्हतं, त्याने हे चारचौघांत म्हटलं.

इस्पितळाचं काम त्यांच्याकडून गेलं. ते वर्षभर लांबलं आणि पुढे बाहेरून आणलेल्या एका फोरमनकडे गेलं. मामांना गोदामात पत्रा कापायला बसवलं. आणि सभेच्या नळीचा ढाळ दुरुस्त करण्याचं काम, ऐका, माझ्यावर सोपवलं. मी नळी उतरवली, काचनळी लावली. बुडबुडा जिथे असायला हवा तिथेच होता, केसभरही इकडेतिकडे नाही. मी ती जशीच्या तशी परत बसवली आणि अहवालात लिहिलं, "ढाळ दुरुस्त केला." खाली सही. त्यानंतर पाणी ठिबकलं नाही. साहेबांनी पाठ थोपटली आणि दोन महिन्यांनी मी कायम झालो.

मामा मला एका शब्दाने बोलले नाहीत. फाटकाबाहेर तोच हात खांद्यावर, तोच "काफी घेतलीस कां?" त्या रुमालात ते आपली काचनळी गुंडाळून ठेवू लागले. टोमणा म्हणून नव्हे. टोमणा मारायचा असता तर त्यांना जीभ होती. "चांगलें सुती कापड," एवढंच एकदा म्हणाले. रोज सकाळी गोदामात ती काचनळी उलगडली जायची आणि निळं अक्षर वर यायचं, आणि मी दुसऱ्या दाराने जायचो. महिन्याभराने अक्कांनी ताक देता देता सांगितलं, सहज, दुसऱ्याच कशावरून तरी. मी मद्रासला येण्यापूर्वी मामींचं ऑपरेशन त्याच इस्पितळात, ऐन कत्तिरीच्या उन्हात झालं होतं. कत्तिरी म्हणजे इकडचे वैशाखातले सर्वांत जाळणारे दिवस. डॉक्टरांच्या चष्म्यावर घाम ओघळत होता, नर्स पुसत होती, तो पुन्हा ओघळत होता. मामी चौथ्या दिवशी गेल्या. "अण्णा तेव्हांपासून म्हणतो, ती खोली मीच थंड करीन," अक्का म्हणाल्या. "नशिबांत नव्हतें म्हणावयाचें." मी ताक तसंच ठेवून खोलीत गेलो. तेव्हाही बोललो नाही. नोकरी जाईल, साताऱ्याला आई आहे, बहीण लग्नाची आहे. कारणं सगळी खरी होती. खऱ्या कारणांनीच माणूस जास्त दिवस गप्प बसू शकतो.

बोलायला लावलं ते एका केळीने. सभेच्या दाराशी मामांनी उद्घाटनाच्या दुसऱ्याच दिवशी, सगळी बोलणी खाऊन झाल्यावर, कोंब लावला होता. जवळजवळ दोन वर्षांत ती माझ्या डोक्यावर गेली, व्याली, तिच्याभोवती पिल्लं फुटली. मला तिथून रोज जावं लागे. सगळ्या शहरासमोर ती हिरवीगार उभी राहून सांगत होती की ढाळ बरोबर आहे, पहिल्या दिवसापासून बरोबर आहे, आणि सगळ्या शहरात ते कळत होतं एका मलाच.

त्याच सुमाराला इस्पितळाचं यंत्र चाचणीला लागलं आणि ताटात पाणी साचू लागलं. फोरमनने ढाळ वाढवला, जाड नळी घातली, तरी पाणी बाहेर पडेना. मला पाठवलं. मी नळीच्या तोंडाशी हात धरला तर वारा आत ओढला जात होता. उंबरठा नव्हता. मी वहीत लिहून न घेतलेलं सगळं मला शब्दशः आठवलं. साहेबांकडे जाऊन म्हणालो, "हे मेस्त्रींना कळेल. त्यांना बोलवा."

"ज्याचा ढाळ चुकला त्याला?"

"ढाळ चुकला नव्हता सार. नळीत माझा रुमाल होता."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "आणि दुरुस्ती?"

"काही केली नाही. तशीच परत बसवली. चला, केळ दाखवतो. ढाळ चुकला असता तर ती जगली नसती."

त्यांनी मला काढलं नाही. का, ते मला आजही माहीत नाही. केळ बघायला मात्र ते खरोखर आले, तिच्यापाशी पाच मिनिटं उभे राहिले, आणि गाडीत बसताना म्हणाले, "उद्यापासून इस्पितळात तू मेस्त्रीच्या हाताखाली. ते सांगतील ते उचलायचं." माझं कायमपण पुन्हा वर्षभर पुढे गेलं. त्या दिवशी ते जाताना हलकं वाटलं.

मी घरी आलो. मामा उताराच्या खाटेवर बसून काफी पीत होते.

"मामा, मी साहेबांना सांगितलं. रुमालाचं."

त्यांनी काफी खाली ठेवली. "कोणी विचारलें होतें?"

"नाही."

"मग कां सांगितलेंस? दोन वरुषें मी तें खोटें निगुतीनें सांभाळलें. आतां कंपनी म्हणेल, मेस्त्री लबाड आहे!" ते खरंच रागावले होते. मी खाली बसलो. म्हणालो, "मामा, त्या दिवशी तुम्ही असं का केलंत?"

"नळीच्या तोंडाशी काय होतें हें पाहणें माझें काम. अम्मानें मान हालविली आणि मी माळ्यावर गेलों. उभें राहावयाचें होतें." काफी पुन्हा उचलून म्हणाले, "आणि तूं असा पांढरा पडला होतास, तंबी, कोलम काय पांढरें असेल!"

"मग नंतर तरी मला बोलायचं होतंत."

"ढकललेलें पाणी परत येतें. आपण होऊन उतरेल तेंच खरें." मग काफीचा शेवटचा घोट घेऊन, दुसऱ्याच आवाजात, जणू आम्ही फाटकाच्या आत आहोत अशा थाटात, "आतां सांग. इस्पितळांत पाणी कोठें उभें राहतें?"

दुसऱ्या दिवसापासून तीन आठवडे मी त्यांच्या हाताखाली पत्रे उचलले, नळ्या धरल्या, शिव्या खाल्ल्या. त्यांनी डक्टचे दोन काटकोन तोडून गोल केले, नळीला उंबरठा दिला. उदबत्ती फिरवायचं काम माझ्याकडे होतं. एक नर्स दारात थांबून हात जोडून गेली. पहिलं ऑपरेशन झालं ते कत्तिरीच्या दिवसांत, सकाळी. कोणाचं, आम्हाला माहीत नव्हतं. मामा आत गेलेच नाहीत. इमारतीमागे नळीच्या तोंडाशी, नुकत्याच लावलेल्या कोंबाजवळ उकिडवे बसून राहिले. मी शेजारी. थेंब पडत होते, एकसारखे. दोन तासांनी डॉक्टर मागच्या व्हरांड्यात सिगारेट ओढायला आले. मामांनी उठून त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं, ते बिचारे गोंधळले. चष्मा स्वच्छ होता. कपाळ कोरडं. मामा परत येऊन बसले आणि म्हणाले, "पडतें आहे, तंबी. बरें पडतें आहे."

पुढे ते निवृत्त होऊन मुलाकडे तंजावरला गेले. तिथे घराला कावेरीकडे ढाळ आहे, असं त्यांचं कौतुकाचं पत्र आलं होतं. गेल्या वर्षी अक्कांना मामा गेल्याची तार आली. त्यांच्या सामानातून माझ्यासाठी म्हणून काचनळी आली, त्याच रुमालात. निळं अक्षर धुऊन धुऊन आकाशी झालेलं.

आता खिडकीत बसवायची छोटी यंत्रं निघाली आहेत. त्यांचं पाणी खालून जाणाऱ्यांच्या डोक्यावर पडतं आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. मी मात्र महिन्यातून एकदा तरी इस्पितळामागून जातो. मामांनी लावलेली केळ कधीच गेली, तिथे तिच्या पिल्लांच्या पिल्लांचं बेट झालं आहे. पानं बाजूला करून मी नळीखाली तळहात धरतो. एक थेंब पडतो, थोडं थांबून दुसरा. रुमाल खिशात असतो. तो मी काढत नाही. हात तसाच ओला ठेवून घरी येतो.